कोणाचा पाय न लागलेली जागा

गोल्फ मी आयुष्यात एकदाही खेळलो नाही. तो प्रश्नच नव्हता. पण तो ज्यावर खेळतात ते मैदान बारा-तेरा वर्षं माझ्या हाताखाली होतं, आणि साहेबलोकांपेक्षा मलाच त्याचा जास्त माज होता. भांडुप आणि मुलुंडच्या मधे रुळांच्या पूर्वेला जमीन खाडीकडे उतरत जाते. तिथे एका कारखान्याने आपल्या बड्या लोकांसाठी ते मैदान केलं होतं. साठ सालानंतर लवकरच मी तिथे माळी म्हणून लागलो आणि तीन वर्षांत मुकादम झालो. हाताखाली चार गडी, दोन बैल आणि खाडीकाठच्या गावातल्या सात बाया.

बैल गवत कापायचं यंत्र ओढायचे. खुरांनी मैदानात खड्डे पडू नयेत म्हणून त्यांच्या पायांत चामड्याचे बूट चढवावे लागत. हे मी गावी पत्रात लिहिलं तेव्हा आईला वाटलं, मुंबईला जाऊन पोरगा प्यायला लागला. मी काही खोटं लिहिलं नव्हतं. तिथे आम्ही सगळे अनवाणी आणि इथे बैलांना बूट, असाच तो प्रकार होता.

त्याहून मोठी गंमत हरळीची. मालवणाकडे आमच्या शेतात हरळी शिरली की वडील तिला शिव्या घालत मुळासकट उपटायचे, उन्हात वाळवायचे आणि वर जाळायचे. इथे मला पगार मिळायचा तो हरळी जगवण्याचा आणि बाकी सगळं उपटण्याचा. चेंडू ज्या भोकात घालायचा त्या होलभोवती जी अगदी बारीक कापलेली हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. ती सगळी हरळीच. बाया ओळीने उकिडव्या बसून खुरप्याच्या टोकाने त्यातला लव्हाळा काढायच्या. सकाळी आल्या आल्या मी एक लांब, लवचिक बांबू ग्रीनवरून सपसप फिरवायचो. त्याने दव झडायचं आणि गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीच्या गोळ्या मोडायच्या. ते केलं नाही तर गोळ्या यंत्राखाली दबून चिखलाचे डाग पडतात आणि चेंडू वाकडा जातो. चेंडू वाकडा गेला की साहेब वाकडे.

पाच-सहा वर्षांनी मोठ्या साहेबांनी, म्हणजे मैदानाचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी, मला एक नवं ग्रीन करायला सांगितलं. खाडीच्या बाजूला एक कुजकी, पाणथळ जागा होती, तिथे. मी ती दोन हात खोल खणून घेतली, तळाला विटांचे तुकडे भरले, वर खडी, वर वाळू, आणि सगळ्यात वर चाळून घेतलेली माती नि जुनं शेणखत. हरळीच्या काड्या बायांनी एकेक करून हाताने लावल्या. सभोवती तारेचं कुंपण घातलं. दिवाळीनंतर बाहेरचे पाहुणे बोलावून मोठे सामने व्हायचे होते आणि त्या दिवशी हे ग्रीन उघडायचं होतं. तोवर त्यावर कोणी पाऊल टाकायचं नाही असा हुकूम होता. निंदायला बसणाऱ्या बायासुद्धा फळ्या टाकून त्यांवर बसायच्या. मला एवढा अभिमान आयुष्यात दुसऱ्या कशाचा वाटला नाही, आणि मुलाबाळांचा वाटावा तर ती नव्हती.

लग्नाला पाच वर्षं झाली होती. बायकोला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. भांडुपला डोंगराच्या बाजूच्या चाळीत आमची एक खोली होती. त्या खोलीत आम्ही दोघं त्या विषयावर बोलायचो नाही. बोललो की ती गप्प व्हायची आणि मी चिडायचो. मी का चिडायचो ते मला तेव्हा कळत नव्हतं. मी घाबरलेलो असायचो.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिला तिसऱ्यांदा दिवस गेले आणि आई गावाहून आली. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, रोज सकाळी उपाशीपोटी दुर्वांचा रस द्यायचा, गर्भ टिकतो. दुर्वा म्हणजे हरळीचेच कोवळे कोंब. मी म्हटलं, ते काय, मुंबईत दुसरं काही नसलं तरी हरळी माझ्याकडे रगड आहे. पण आईची अट होती.

"कोणाचो पाय लागूक नाय, कुत्र्यामांजरान तोंड घालूक नाय, अशा जागेतले दुर्वा व्हये."

भांडुपात अशी जागा! डोंगरावर सकाळी डबा घेऊन जाणाऱ्यांची रांग लागायची. रुळाच्या कडेला तेच. मैदानावरही बाहेरच्या अंगाला तेच, वर गुरं, वर भटकी कुत्री. बाकीच्या ग्रीनवर साहेबलोक खिळ्यांचे बूट घालून फिरायचे, तेच बूट घालून आणखी कुठे कुठे जात असतील देव जाणे. सगळ्या मुलुखात कोणाचा पाय न लागलेली अशी एकच जागा होती. ती मी स्वतः खणली होती, स्वतः भरली होती, आणि तिला कुंपण होतं.

नव्या ग्रीनच्या कडेला, कापणीतून सुटलेल्या पट्ट्यात, तीन पात्यांचे लुसलुशीत कोंब यायचे. मी रोज काम संपलं की आंघोळ करायचो, मगच फळीवर बसून ते खुडायचो आणि स्वच्छ रुमालात बांधून घरी न्यायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई ते पाट्यावर वाटायची आणि फडक्यातून पिळायची. पेलाभर हिरवा रस निघायचा. बायको तोंड वेडंवाकडं करत तो प्यायची.

"गवत खाऊन माजा वासरू झालां," असं म्हणायची.

तिसरा महिना लागला आणि पार पडला. मग चौथा. आईने देवापुढे नारळ ठेवला. बायकोच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. चाळीतल्या बायका विचारायला यायच्या आणि ती त्यांना सांगायची, ह्यांच्या मैदानातल्या दुर्वा, साहेबांचासुद्धा पाय नाही लागलेला त्यांना! मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. आतून मला फार आनंद व्हायचा. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम आणि माझं घर एकाच गोष्टीवर उभं होतं.

भाद्रपदात नव्या ग्रीनवर गांडुळं माजली. माती शेणखताची, ओल भरपूर, मग काय होणार! रोज सकाळी हजारो गोळ्या. बांबू फिरवून मोडल्या तरी दुपारपर्यंत पुन्हा हजर. मोठ्या साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, सामन्याच्या दिवशी हे असं दिसलं तर माझी लाज जाईल. आठवड्याने त्यांनी पत्र्याचे चार डबे आणले. आत राखाडी पावडर. डब्यावर लांबलचक इंग्रजी नाव आणि खाली कवटी आणि दोन हाडं. मी सातवी पास. नाव वाचता आलं नाही, कवटी वाचता आली.

"वाळूत मिसळून टाकायची आणि वर पाणी मारायचं," साहेब म्हणाले. "पाणी मारलं की सगळं खाली जातं. गवताला काही होत नाही."

गवताला काही होत नाही, हे खरंच होतं. मी ती हाताने पसरली. हातमोजे असतात हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. पाणी मारल्यावर तासाभरात जमिनीतून गांडुळं वर यायला लागली. वेडीवाकडी, गाठी मारत, एकमेकांवर. ग्रीन हिरवं दिसेना, तांबूस दिसायला लागलं. बायांनी ती झाडूने गोळा केली, टोपल्या भरल्या. त्याच दिवशी बगळे उतरले, साळुंक्या उतरल्या, आयतं जेवण मिळालं म्हणून ताव मारायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाजवळ सहा बगळे पडलेले होते. एक अजून जिवंत होता, त्याची मान पडत होती आणि पुन्हा वर येत होती. बायांमधली म्हातारी माझ्याआधी तिथे पोचली होती. ती खाडीकाठच्या गावातली, माझ्या आईएवढी, आणि बाकीच्या सहाजणींची पुढारी. कोणाला भ्यायची नाही.

"ये मुकादम," ती म्हणाली, "बगली मेली बग. गांडूल खाल्लं नि मेली. माज्या बाया यात हात नाय घालायच्या."

"पाणी मारलंय. सगळं खाली गेलं."

"खाली गेलं त मंग ही वर कशी मेली रं?"

मला राग आला. उत्तर नसलं की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. मी तिला सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, तुला गोल्फमधलं काय कळतं, नको असेल काम तर उद्यापासून घरी बस. तिने खुरपं फळीवर ठेवलं आणि बायांना घेऊन दुसऱ्या ग्रीनकडे गेली. जिवंत होता तो बगळाही दुपारपर्यंत मेला. सगळे मी एकट्याने पुरले.

पावडर टाकली त्या दिवशी आणि बगळे मेले त्या दिवशी मी दुर्वा नेल्या नाहीत. घरी सांगितलं, साहेब मैदानात उभे होते, खुडता आल्या नाहीत. आई घाबरली. बायको तिच्याहून जास्त घाबरली. चौथा महिना सरत आला होता, रसाने सगळं धरून ठेवलं होतं, आणि तो चुकला तर? दोन्ही वेळचं रक्त तिने पाहिलं होतं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "उद्या नक्की आणशात मा?"

आता इथे मी खरं सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं, तिथे विष टाकलंय म्हणायचं. पण मग दुर्वा आणायच्या कुठून? आणि ज्या जागेची चाळभर मिरवणूक निघाली होती ती विषाची आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तिसऱ्या दिवशी पावसाची मोठी सर येऊन गेली. मी मनाशी म्हटलं, झालं, धुऊन गेलं. साहेब शिकलेले, तेच म्हणाले खाली जातं. म्हातारी अडाणी. मी कडेचे कोंब खुडले, पंपाच्या पाण्यात तीनदा धुतले, आणि घरी नेले. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी एकदा पावडर टाकली. तेव्हाही मी तेच केलं, मधे दोन दिवस सोडले, तीनदा धुतलं.

एका सकाळी बायको पेला तोंडाजवळ नेऊन थांबली. "ह्या रसाक कसलो तरी वास येता. औषदासारखो."

आई म्हणाली, दिवस गेले की बाईला सगळ्यालाच वास येतो.

"तुमच्या हाताकय तसोच वास येता," बायको मला म्हणाली आणि हसली.

मी हात मागे घेतले. तिने नाक दाबून पेला संपवला.

पाचवा महिना लागल्यावर आठ-दहा दिवसांनी मी ग्रीनवर वाळू पसरत असताना चाळीतला शेजारी सायकलवरून आला. मी इस्पितळात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि सगळं होऊन गेलं होतं. मुलगा होता, असं नर्सने सांगितलं. डॉक्टर तरुण होता, त्याने नीट चौकशी केली. पडली होती का, ताप आला होता का, काही औषध वगैरे घेतलं होतं का.

"औषद काय एक नाय," आई म्हणाली. "फक्त दुर्वांचो रस."

"त्याने काही होत नाही," डॉक्टर म्हणाला आणि कागदावर लिहायला लागला.

मी तिथेच उभा होतो. हात पाठीमागे धरलेले. डॉक्टर माझ्यापासून दोन हातांवर होता आणि मला तोंड होतं. तो कागद भरून पुढच्या खाटेकडे गेला.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी बायकोने मला आणि आईला समोर बसवलं. तिला काही सांगायचं होतं. इस्पितळात जाण्याच्या आदल्या आठवड्यात दोन दिवस तिला तो वास सहन झाला नाही म्हणून आई पाणी भरायला गेलेली असताना तिने रस मोरीत ओतून दिला होता.

"मी दोन दिस रस घेतलंय नाय," ती म्हणाली. "ओतून टाकलंय. म्हणान ह्यां झालां."

आईने कपाळाला हात लावला. ती दुष्ट नव्हती, पण तिचं तोंड थांबलं नाही. तरी मी सांगत होतंय, असं ती त्या दिवशी म्हणाली, दुसऱ्या दिवशी म्हणाली, गावी परत जाईपर्यंत म्हणत राहिली. बायको मान खाली घालून ऐकायची. मी एकदाच बोललो, की तसं काही नसतं. एवढंच. माझं सगळं धैर्य तेवढ्यात संपलं.

दिवाळीनंतर सामने झाले. नवं ग्रीन फार सुंदर झालं होतं, हे मी आजही म्हणेन. एक डाग नाही, एक गोळी नाही. कारखान्याच्या सगळ्यात मोठ्या माणसाने पहिला चेंडू त्यावरून होलात घातला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या साहेबांनी मला पुढे बोलावून नारळ आणि शाल दिली. म्हातारी आपल्या बायांसह लांब उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. तिला माझ्या घरचं कळलं होतं, कारण चाळीतल्या दोन घरी ती मासे घेऊन यायची. दुर्वांचं कळलं होतं की नाही ते मला माहीत नाही. ती मला कधीच काही बोलली नाही, आणि मीही तिची माफी मागितली नाही.

त्या पावडरीनेच झालं का, हेही मला माहीत नाही. आधी दोनदा पावडर नसतानाही झालं होतं. कोणी डॉक्टर हसून म्हणेल, तेवढ्याने काय होतंय. पण सहा बगळे मी माझ्या हाताने पुरले होते.

पुन्हा दिवस गेले नाहीत. बायकोने मनाशी हिशेब पक्का करून टाकला होता. चाळीत कोणाला दिवस गेले की ती आपणहून जायची, कामाला हात लावायची, डोहाळ्याचं करून घालायची, आणि शेवटी तेच सांगायची. "रस चुकवू नको गो. मी दोन दिस चुकवलंय." एवढ्या सहजपणे सांगायची, की ऐकणारीला वाईट वाटायचं आणि ती विषय बदलायची. मी तिथेच खाटेवर बसलेला असायचो. सहा वर्षं मी ते वाक्य ऐकलं. पावडर दरवर्षी येत होती, मी दरवर्षी टाकत होतो.

मग शेजारच्या खोलीतल्या सुनेला दिवस गेले. ती वेंगुर्ल्याकडची, वीस-एकवीस वर्षांची, बायकोला मावशी म्हणायची. रविवारची सकाळ होती. बायको सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती आणि सून समोर बसली होती.

"ह्येंका सांगतंय," बायको तिला म्हणाली. "थंय एक जागा आसा, थंय कोणाचो पाय लागणा नाय. थंयचे दुर्वा हे रोज आणतीत तुका." मग माझ्याकडे वळली. "आणशात मा?"

त्या ग्रीनवर आता सगळ्यांचे पाय लागत होते. हे तिला माहीत नव्हतं. तिच्या मनात ते अजून कुंपणातच होतं.

"थंयचे दुर्वा नको," मी म्हणालो.

"कित्याक?"

"थंय इख टाकतंव आमी. गांडुळांका."

सुनेला काही कळलं नाही. ती एकदा हिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागली, आणि मग काहीतरी चुलीवर आहे म्हणून उठून गेली. बायकोचा हात तांदळात होता तिथेच राहिला.

"कधीपासून?"

"तेव्हापासून. त्या भाद्रपदापासून."

मला वाटलं, आता ती ओरडेल, सूप फेकेल, माझ्या अंगावर येईल. मी त्याची वाट बघत होतो. खरं म्हणजे मला ते हवं होतं. तिने सूप खाली ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, "म्हणजे तां माज्यामुळे नाय झालां?"

"नाय."

"खरां सांगतात?"

"खरां."

ती रडायला लागली. इस्पितळात रडली नव्हती तशी, पदर तोंडात न कोंबता, दार उघडं असताना. ती माझ्यावर चिडून रडत नव्हती. ती चिडली, पण पुढे, आणि फार दिवस, आणि ते माझ्या हक्काचं होतं. त्या सकाळी ती सुटली म्हणून रडत होती. मी समोर बसून होतो आणि मोजत होतो की हे एवढंसं तिला सांगायला मला सहा वर्षं लागली.